आभाळातला खबऱ्या: गिधाडांच्या पाठीवरचं यंत्र विषप्रयोग कसा पकडतं

मे २०२५. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेला, महलांगेनी विभागात, एका आडबाजूच्या जागी हत्ती मरून पडला होता. त्याच्या मांसात कुणीतरी शेतात वापरायचं जहाल कीटकनाशक मिसळून ठेवलं होतं. माणसांच्या आधी तिथे गिधाडं पोचली. ती खायला बसली आणि तिथेच, एकामागून एक, कोसळत गेली.

पुढे मोजदाद झाली तेव्हा मेलेल्या गिधाडांचा आकडा १२३ भरला. त्यात १०२ पांढऱ्या पाठीची आफ्रिकी गिधाडं होती, २० केप गिधाडं होती आणि एक लॅपेट-फेस्ड जातीचं होतं. बातम्यांचे मथळे याच आकड्याचे झाले, ते साहजिकच होतं. पण त्याच जागेवरून ऐंशीहून जास्त पक्षी जिवंत उचलले गेले. हेलिकॉप्टरने आणि खास गिधाडांसाठी तयार केलेल्या रुग्णवाहिकेतून त्यांना उपचारांसाठी हलवण्यात आलं. विषबाधेच्या ठिकाणी एवढी गिधाडं जिवंत हाती लागणं फार दुर्मीळ. एरवी माणूस पोचेपर्यंत तिथे पिसं आणि माश्या एवढंच उरलेलं असतं.

मला या ऐंशी पक्ष्यांबद्दल सांगायचं आहे. ते वाचले, कारण क्रूगरच्या परिसरात काही गिधाडांच्या पाठीवर जीपीएस यंत्रं बसवलेली आहेत, ती गिधाडं कुठे जातात आणि कुठे उतरतात यावर 'एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट' या संस्थेची 'आय इन द स्काय' नावाची यंत्रणा नजर ठेवून असते, आणि उद्यानाचे रेंजर आणि संस्थेची माणसं वेळेत निघाली. यातला 'वेळेत' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. यंत्र, उपग्रह, संगणक ही सगळी धडपड शेवटी काही तास वाचवण्यासाठी आहे.

पण आधी एक प्रश्न. गिधाडाने कुणाचं काय वाकडं केलंय, म्हणून त्याला कुणी विष घालावं?

हस्तिदंतासाठी हत्ती मारणारा शिकारी काय करतो ते बघू. हत्ती पडला, की त्याचे सुळे मुळापासून काढायला वेळ लागतो. मग ते घेऊन जंगलातून बाहेर पडायचं असतं, कधी सीमा ओलांडायची असते. दरम्यान, वर आभाळात गिधाडं घिरट्या घालायला लागतात. मैलोन् मैल दिसणारी ही खूण. आफ्रिकेतले रेंजर आभाळ वाचायला शिकलेले असतात. गिधाडांचं भिरभिरणारं चक्र दिसलं, की गाडी त्या दिशेला वळते. म्हणजे गिधाड हा रेंजरचा फुकटचा खबऱ्या झाला, तोही कधी सुट्टी न घेणारा. शिकाऱ्यांनी हे केव्हाच ओळखलंय. म्हणून सुळे काढून झाले, की उरलेल्या धडावर विष टाकायचं. आज आलेली गिधाडं मेली, की पुढच्या वेळी चुगली करायला आभाळात कुणी नसतं.

जून २०१९ मध्ये बोत्सवानात असंच झालं. शिकार झालेल्या तीन हत्तींच्या धडांत विष मिसळलेलं होतं आणि तिथे ५३७ गिधाडं मेली. त्याआधी २०१२ ते २०१४ या काळात सात आफ्रिकी देशांत अशा ११ घटना नोंदल्या गेल्या होत्या. मारलेले हत्ती १५५, मेलेली गिधाडं २,०४४. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. एका हत्तीमागे सरासरी तेरा गिधाडं.

दुसरं कारण आपल्याला जास्त ओळखीचं आहे. सिंहाने किंवा तरसाने गाय मारली, की गुराखी चिडतो. गाय म्हणजे त्याची बचत, घरातलं दूध, पोरीचं लग्न. तो उरलेल्या मांसावर कीटकनाशक टाकतो. सिंह रात्री परत येईल आणि मरेल, हा हिशोब. सिंह येतो किंवा येत नाही, पण दिवस उजाडला की गिधाडं मात्र नक्की येतात. तिसरं कारण अंधश्रद्धेचं. आफ्रिकेच्या काही भागांत गिधाडाचं डोकं आणि मेंदू औषधाला किंवा नशीब उघडायला वापरतात. २०२० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या छोट्या देशात दोन हजारांहून जास्त हूडेड गिधाडं मेली, आणि त्यांतल्या अनेकांची डोकी कापून नेलेली होती.

आता विषाविषयी. यासाठी वापरली जाणारी विषं कुठल्या गुप्त प्रयोगशाळेत बनत नाहीत. ती शेतीची औषधं आहेत. अल्डिकार्ब, कार्बोफ्युरान, आणि आपल्याकडे थिमेट म्हणून ओळखलं जाणारं फोरेट. दक्षिण आफ्रिकेत अल्डिकार्बला लोक 'टू स्टेप' म्हणतात. खाल्लं, की दोन पावलं चालून जनावर पडतं, म्हणून. काळे, खसखशीसारखे बारीक दाणे. त्यावर बंदी असूनही ते चोरून विकलं जातं.

ही औषधं शरीरात काय करतात? मेंदूचा निरोप नसांतून स्नायूपर्यंत पोचतो तेव्हा शेवटची उडी एक रसायन मारतं, त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला, स्नायू आवळला, की ते रसायन लगेच पुसून टाकणारं एक एन्झाइम तिथेच बसलेलं असतं. फळ्यावर लिहायचं आणि लगेच पुसायचं, म्हणजे पुढचं लिहिता येतं, तसं. ही कीटकनाशकं त्या पुसणाऱ्यालाच जखडून टाकतात. फळा पुसलाच जात नाही. एकावर एक निरोप गिरवले जातात. स्नायू आखडतात, थरथरतात, मग लुळे पडतात. तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, फुफ्फुसात पाणी साठतं, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच दमून थांबतात.

विदर्भातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले होते. तेव्हा फवारलेल्या औषधांत याच कुळातली काही औषधं होती. माणूस काय, गिधाड काय, नस आणि स्नायू यांच्यातला तो सांधा दोघांचा सारखाच चालतो. आणि म्हणूनच उताराही एकच, ॲट्रोपीन. यवतमाळच्या वॉर्डात माणसाला जे इंजेक्शन देतात, तेच क्रूगरच्या झुडपात गिधाडाला देतात.

इथे कुणी विचारेल, की गिधाड तर सडकं मांस पचवतं, मग ते विषाने कसं मरतं? गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की अँथ्रॅक्ससारख्या रोगाचे जंतूसुद्धा बहुतेक तिथेच संपतात. पण ती लढाई जंतूंशी आहे. कीटकनाशक जिवंत नाही, त्याला मारता येत नाही. गिधाडाचं शरीर लाखो वर्षांत ज्याच्यासाठी तयार झालं, त्या यादीत हा शत्रू नव्हताच.

पाठीवरचं दप्तर

गिधाडावर यंत्र बसवायचं म्हणजे आधी त्याला धरायला हवं. खुराड्यासारखा मोठा पिंजरा उभारतात, आत मेलेलं जनावर ठेवतात आणि दिवसेंदिवस दार उघडंच ठेवतात. गिधाडांना जागेचा सराव झाला, की एके दिवशी दार पडतं. मग आत शिरून एकेकाला धरायचं. एकाचं काम फक्त डोकं धरायचं, कारण ती चोच हत्तीची कातडी फाडणारी नसली तरी माणसाचं बोट नक्कीच फाडते. दुसरा पंख मिटवून अंगाशी धरतो. डोळ्यांवर फडकं टाकलं, की पक्षी बराच शांत होतो. घाबरलेलं गिधाड पोटातलं सगळं ओकून टाकतं, आणि ते कुणाच्या ना कुणाच्या कपड्यांवर जातंच. तो वास आठवडाभर सुटत नाही म्हणतात.

यंत्र साधारण काडेपेटीच्या आकाराचं. वर सौरपट्टी, आत बॅटरी, जीपीएस आणि मोबाइलचं किंवा उपग्रहाचं सिम. न खुपणाऱ्या, गुळगुळीत टेफ्लॉनच्या पट्ट्यांनी ते पाठीवर बसवतात, शाळेचं दप्तर अडकवावं तसं. वजनाचा नियम सगळे पाळतात. यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत हवं. पांढऱ्या पाठीचं आफ्रिकी गिधाड पाच-साडेपाच किलोचं भरतं, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. हल्लीची यंत्रं त्याहून बरीच हलकी असतात.

आता हे यंत्र सांगतं काय? ठरावीक मिनिटांनी एक ओळ. अक्षांश, रेखांश, उंची, वेग, वेळ. चांगल्या यंत्रात आणखी एक भाग असतो, त्वरणमापक. फोन आडवा केला की पडद्यावरचं चित्र फिरतं ना, ते ज्याच्यामुळे होतं तोच हा भाग. अंग कुठल्या दिशेने किती हललं, हे तो सेकंदाला अनेकदा मोजतो. तरंगत जाणारं गिधाड जवळजवळ स्थिर असतं. पंख मारणारं एका ठेक्यात हलतं. मांसात चोच खुपसून, पाय रोवून मागे हिसके देणारं गिधाड अगदी वेगळं हलतं.

हा फरक यंत्राला शिकवावा लागतो. जर्मनीतल्या संशोधकांनी त्यासाठी एक साधी युक्ती केली. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त असलेल्या गिधाडांच्या पाठीवर हीच यंत्रं बसवली आणि त्यांचं चित्रीकरण केलं. मग चित्रफीत आणि आकडे शेजारी ठेवून, हा आकडा म्हणजे खाणं, हा म्हणजे पिसं साफ करणं, हा म्हणजे नुसतं उभं राहणं, अशी ओळख संगणकाला पटवली. पुढे नामिबियात, एटोशा राष्ट्रीय उद्यानाच्या भागात, रानातल्या गिधाडांवर ती पारखली. मोठं मेलेलं जनावर कुठे पडलंय हे त्यांना ९२ टक्के खात्रीने शोधता आलं. 'गाया' असं या उपक्रमाचं नाव.

उदाहरण घेतलं तर लवकर कळेल. समजा एक गिधाड सकाळी साडेआठला झाडावरून उठलं. जमीन तापायला लागली, गरम हवा वर चढू लागली, तसं तेही त्या हवेवर गोल गोल चढलं. सव्वादहाला ते सहाशे मीटर उंचीवर आहे, वेग पन्नास. दहा पंचवीसला उंची शून्य, वेग शून्य. पुढची चाळीस मिनिटं सगळे ठिपके वीस मीटरच्या आत. पावणेअकराला दुसरं यंत्र असलेलं गिधाड, जे सकाळी पार तीस किलोमीटरवर होतं, त्याच जागी उतरतं.

संगणक आता विचारतो, ही जागा ओळखीची आहे का? पाणवठा असेल तर गिधाडं अंघोळीला उतरली असतील. घरट्याचं झाड असेल तर प्रश्नच नाही. गिधाडांसाठी मुद्दाम मांस ठेवायची जागा असेल तर तीही यादीत असते. यांतलं काहीच नसेल, तर इथे काहीतरी मेलंय. रेंजरच्या फोनवर संदेश जातो, जागेसकट. आणि त्यातलं एखादं यंत्र खाण्याच्या हिसक्यांनंतर अचानक गप्प झालं, त्वरणमापकाची रेघ सपाट झाली, तर त्या संदेशाचा अर्थच बदलतो. रात्र पडली तरी गिधाड जमिनीवरच आहे, हीही वाईट खूण, कारण रात्रीला ते झाडावर किंवा कड्यावर जातं. पोट तट्ट भरल्यामुळे उडता न येणारं गिधाडही कधी कधी खाली थांबतं, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढायचा नसतो. पण जाऊन बघायला हवंच.

हातात किती तास?

ज्यांचं बालपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खेड्यात गेलं, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं, की आभाळ आधी रिकामंच असायचं. मग एक ठिपका. तो खाली यायला लागला, की कुठून कुठून आणखी ठिपके, आणि अर्ध्या तासात तिथे ढोर दिसेनासं व्हायचं, नुसत्या पाठी दिसायच्या. आपल्याकडची आणि आफ्रिकेतली गिधाडं वासावर जात नाहीत. ती एकमेकांवर नजर ठेवून असतात. एक खाली वळलं की शेजारचं वळतं, त्याला पाहून त्याच्या पलीकडचं. आभाळात अदृश्य जाळं पसरलेलं असतं आणि एका टोकाला झटका बसला, की सगळं जाळं तिकडे ओढलं जातं.

हीच गोष्ट त्यांच्या मुळावर येते आणि हीच त्यांना वाचवायलाही उपयोगी पडते. मुळावर येते, कारण एका विषारी धडावर अख्ख्या परिसरातली गिधाडं गोळा होतात. बिबट्यावर विषप्रयोग झाला तर एक बिबट्या मरतो, गिधाडांवर झाला तर वसाहतच्या वसाहत जाते. उपयोगी पडते, कारण प्रत्येक गिधाडावर यंत्र लावायची गरज उरत नाही. पन्नासांत एकावर असलं तरी ते एक बाकीच्या एकोणपन्नासांचा पत्ता देतं. वाघाच्या गळ्यातला पट्टा फक्त त्या वाघाबद्दल बोलतो. गिधाडाच्या पाठीवरचं यंत्र अख्ख्या थव्याबद्दल बोलतं.

विष भिनायला लागल्यापासून घड्याळ धावू लागतं. काही पक्षी जागेवरच मरतात. काही थोडं खाऊन उडतात आणि दूर झाडाखाली किंवा घरट्यात जाऊन मरतात, म्हणून जागेवर मोजलेला आकडा नेहमी कमीच असतो. नंतर कोल्हे येतात, गरुड येतात, मेलेल्या गिधाडांना खाऊन तेही मरतात. दुपारपर्यंत माणूस पोचला तर ही साखळी तोडता येते. दोन दिवसांनी पोचला तर फक्त पंचनामा होतो.

पोचल्यावरचं काम कसं चालतं? आधी कुणी धावत सुटायचं नाही. हातमोजे, मास्क, कारण ते दाणे माणसाच्या कातडीतूनही शरीरात शिरतात. जागेचे फोटो, पावलांचे आणि गाडीच्या टायरचे ठसे, कारण ही गुन्ह्याची जागा आहे. मग जिवंत पक्षी. मान टाकलेलं, पंख पसरून पालथं पडलेलं गिधाड उचलायचं. गिधाडाच्या गळ्याखाली एक अन्नपिशवी असते. खाल्लेलं मांस पोटात जायच्या आधी तिथे थांबतं. हा निसर्गाने दिलेला अवधी. ती पिशवी तुडुंब फुगलेली असते, आणि ती रिकामी करणं हे पहिलं काम. मग ॲट्रोपीन, सलाइन, विष शोषून घ्यायला कोळशाची पूड. लुळा पडलेला पक्षी उन्हात तापून मरू नये म्हणून सावली. हे उपचार शिकायला अवघड नाहीत. अवघड आहे ते अन्नपिशवीतलं मांस पोटात उतरायच्या आत तिथे असणं.

जिवंत पक्षी रवाना झाले, की शेवटी नमुने घेऊन हत्तीचं धड, मेलेली गिधाडं, आजूबाजूची रक्ताळलेली माती, सगळं एकत्र करून जाळतात. काहीही शिल्लक ठेवून चालत नाही.

महलांगेनीची घटना मे महिन्यात घडली, हे मला विशेष बोचतं. दक्षिण आफ्रिकेत या गिधाडांचा अंडी घालायचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. एका जोडीचं वर्षाला एकच अंडं. ते जवळजवळ आठ आठवडे आईबाप आळीपाळीने उबवतात. एक जण खायला गेला आणि परत आलाच नाही, तर दुसरा किती दिवस उपाशी बसेल? पिल्लू जगलं तरी स्वतः अंडं घालण्याजोगं व्हायला त्याला पाच-सहा वर्षं लागतात. चिमणी-कबुतरांसारखी ही तूट पटकन भरून येणारी नाही. पांढऱ्या पाठीचं आफ्रिकी गिधाड आज नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या जातींमध्ये गणलं जातं.

यंत्राला जमत नाही ते

जिथे यंत्र लावलेलं एकही गिधाड फिरकत नाही, तिथे ही यंत्रणा आंधळी असते. मोबाइलचा टॉवर नसला तर यंत्र ओळी साठवून ठेवतं आणि पक्षी टॉवरच्या टप्प्यात आल्यावर पाठवतं, आणि मेलेला पक्षी कधीच टप्प्यात येत नाही. उपग्रहाची सोय असलेली यंत्रं महाग पडतात. संदेश खोटे ठरतात, हीही मोठी अडचण. रेंजर दहा किलोमीटर काटेरी झुडपातून चालत जातो आणि तिथे म्हातारपणाने मेलेला रेडा असतो. असं चार वेळा झालं, की पाचव्या वेळी तो निघायला उशीर करतो. त्यात त्याचा दोष नाही. म्हणूनच संदेश पाठवण्याआधीची ती पारख इतकी महत्त्वाची.

सीमेचा प्रश्न तर आहेच. क्रूगरचं गिधाड सकाळी दक्षिण आफ्रिकेत असतं आणि दुपारी मोझांबिकमध्ये जेवतं. रेंजरला तसं जाता येत नाही. पलीकडे फोन उचलणारं ओळखीचं माणूस असेल, तरच त्या संदेशाला अर्थ. आणि ही सगळी माहिती गुप्त ठेवावी लागते. गिधाडं आत्ता कुठे उतरलीत हा नकाशा रेंजरला जितका मोलाचा, तितकाच शिकाऱ्यालाही.

रामायणात गिधाडं दोन आहेत. जटायू सगळ्यांना आठवतो. त्याने रावणाला अडवलं आणि मरता मरता, सीतेला कुणी नेलं ते रामाला सांगितलं. त्याचा थोरला भाऊ संपाती. पंख जळून समुद्रकाठी पडून राहिलेला. सीता कुठे आहे, हे वानरांना त्याने सांगितलं, कारण त्याला तिथून लंका दिसत होती. पाठीवरचं यंत्र हे संपातीचं काम करतं. कुठे, ते सांगतं. कुणी, ते सांगत नाही. त्यासाठी लागतो पायाचा ठसा, विष विकणाऱ्या दुकानाची पावती, गावातला बोलायला तयार असलेला माणूस, आणि कोर्टात टिकेल असा पुरावा.

आपल्याकडे

आपली गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅकने. गुरांना दुखण्यावर दिलेलं औषध, मेलेल्या गुरातून गिधाडाच्या मूत्रपिंडात. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, तरी १९९०च्या दशकापासून पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णव संपली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण मुद्दाम घातलेलं विषही आपल्याकडे आहेच. मार्च २०२२ मध्ये आसामात छयगावजवळ विषारी मांस खाऊन ९७ गिधाडं मेली. ते विष भटक्या कुत्र्यांसाठी घातलं असावं, असा अंदाज होता.

महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून वीस गिधाडं आणली गेली, दहा पेंचला आणि दहा ताडोब्याला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वनखात्याचा हा प्रकल्प. त्यांच्या पाठीवर जीपीएस लावून त्यांना मोकळं सोडलं. ताडोब्यातलं एक गिधाड राज्यामागून राज्य ओलांडत थेट तमिळनाडूत पोचलं. काही पक्षी मेलेही. पिंजऱ्यात वाढलेलं गिधाड रानात टिकतं का, हे कळावं म्हणून ही यंत्रं लावलेली आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण तीच यंत्रं आफ्रिकेसारखं विषाची जागा दाखवायचंही काम करू शकतात, आणि विदर्भात त्याची गरज आहे असं मला ठामपणे वाटतं.

कारण वाघाने गाय मारली, की पुढे काय होतं ते बघा. भरपाई हवी तर पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवरून हलवायचं नसतं. गाय उघड्यावर पडून राहते. मालक आतून जळत असतो. घरात फवारणीच्या औषधाचा डबा असतो. वनरक्षक सकाळच्या घटनेला दुपारी पोचला, दोन शब्द नीट बोलला, कागद लगेच केले, तर तो डबा फळीवरच राहण्याची शक्यता वाढते. तो तिसऱ्या दिवशी पोचला, तर वाघ मरतो, बछडे मरतात, आणि गिधाडं परत आलेली असतील तर तीही मरतात. यंत्र नसतानाही चालू असणारं हे तेच घड्याळ आहे. गिधाडाची एक ओळ त्या बीटच्या वनरक्षकाच्या फोनवर गेली, तर मालकाने कळवण्याआधीच त्याला गाय कुठे पडलीय ते कळेल.

तुम्हाला शेतात किंवा रानात एकाच जागी मेलेले पक्षी किंवा प्राणी दिसले, कावळे, घारी, कुत्री, गिधाडं, तर हात लावू नका आणि आपलं कुत्रंही तिकडे जाऊ देऊ नका. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावर लगेच कळवा. जिवंत पण मान टाकलेला पक्षी असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे येणारा माणूस डॉक्टर आणि ॲट्रोपीन घेऊन निघेल. आणि मेलेल्या गिधाडाच्या पाठीवर छोटी डबी आणि त्यातून निघालेली बारीक तार दिसली, तर ती काढून घरी आणू नका. ती अजून चालू असू शकते, आणि तिचा शेवटचा ठिपका जिथे आहे, तिथूनच तपास सुरू होणार असतो.